पाटावरचं खोकं

“ह्यात काय दळण घालायचं व्हय?” मामांनी विचारलं.

टेंपोवाल्याने आणि मी मिळून तो काळा कॉम्प्युटर कारखान्याच्या दारात उतरवला होता आणि दोघंही धापा टाकत होतो. गुडघ्याच्याही वर येणारं लोखंडी धूड होतं ते. मुलगी होईपर्यंत मी ज्या ड्रॉइंग ऑफिसात कामाला होते, तिथे चार वर्षं याच मशीनवर बसून मी पंपांची ड्रॉइंगं काढली होती. ऑफिसाने नवी मशिनं घेतली, जुनी भंगारात निघाली, आणि मी साहेबांना फोन करून माझंच मागून घेतलं. माझंच म्हणायचं कारण असं, की त्याच्या डाव्या अंगाला मी लाल नेलपॉलिशने माझ्या नावाचा ‘वै’ काढून ठेवला होता. डबा खाऊन येईपर्यंत कुणीतरी माझी जागा बळकावून बसायचं, म्हणून. इतक्या वर्षांनीही तो ‘वै’ शाबूत होता.

“फायली ठेवायला आणलंय, मामा,” मी म्हणाले. “सगळ्या घराच्या. तुमच्या वह्यासुद्धा.”

त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, डाव्या अंगाला वाकून पाहिलं आणि परत रंधा हातात घेतला. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव ‘खोकं’ पडलं. मला ते चांगलंच झोंबलं, पण सांगणार कुणाला?

मामा म्हणजे माझे सासरे, बळवंत सुतार. कोल्हापुरात उद्यमनगरात खाली त्यांचा कारखाना आणि वर आमचं घर. मामा पॅटर्न करायचे. फाउंड्रीत एखादी पुली किंवा पंपाचं अंग ओतायचं झालं, तर आधी तीच वस्तू लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि जो खळगा उरतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. यातली गोम अशी की लोखंड थंड होताना आटतं, म्हणून लाकूड जरासं मोठं करायचं. त्यासाठी मामांकडे एक वेगळी पट्टी होती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब. तिला ते लोखंडाची पट्टी म्हणायचे, होती मात्र पितळेची. सून म्हणून आले त्या पहिल्याच महिन्यात मी त्या पट्टीने पडद्यांचं कापड मोजून कापलं होतं. पडदे पुढे कित्येक वर्षं जमिनीवर लोळत होते आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं कारण सांगत होत्या.

आता वह्यांचं. मामांनी केलेल्या प्रत्येक पॅटर्नची नोंद त्यांच्या वहीत असायची. पेन्सिलीने काढलेली आकृती, मापं, लाकूड कुठलं, आणि मध्येच ‘हितं जादा ठेव’ असा स्वतःलाच दिलेला दम. चाळीस वर्षांच्या एकतीस वह्या. एखादी फाउंड्री वीस वर्षांनी यायची, मोडकी पुली पुढे टाकायची आणि म्हणायची, तुम्हीच केलीय ही. मामा वही काढायचे आणि आठवड्यात तश्शीच दुसरी करून द्यायचे. उद्यमनगरात बाकीचे पॅटर्नवाले कॉम्प्युटरवर गेले तरी मामांचं काम अडलं नाही ते या वह्यांच्या जोरावर.

त्या वर्षी जूनमध्ये कपाटाला वाळवी लागली. वह्यांचे पुठ्ठे हातात घेतले तर भुगा सांडत होता. पूर्ण तीन आठवडे मी कारखान्याच्या ओट्यावर बसून एकेक पान उलटत होते, फाटकं असेल तर मागे काळा कागद धरत होते आणि मोबाइलवर फोटो काढत होते. सहा हजारांच्या वर पानं. ती संपली तेव्हा मी मामांना म्हणाले, की आता या वह्या जाळून टाकूया, नाहीतर वाळवी सागवानात शिरेल.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की,” मी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने परसात वह्या जाळल्या. शेवटची टाकताना पाठ माझ्याकडे होती. तो ‘नक्की’ त्यानंतर माझ्या मानेवर बसला तो बसलाच.

फोटोंनी मोबाइल भरून गेला होता, घरातला लॅपटॉप अखेरच्या घटका मोजत होता, म्हणून मी ते खोकं आणलं. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरने त्यातली धूळ उडवली तर अंगणात ढग उठला आणि आत्यांचे वाळत घातलेले कपडे बाद झाले. आत जुनी पण मोठी डिस्क होती, मेमरी तर स्वतःची चूक स्वतः पकडणारी. अशी सून मिळाली असती तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणाल्या. फुकट मिळणारी सिस्टिम मी पेनड्राइव्हवरून चढवली, वायफायला जोडली, वह्यांचे फोटो एक ते एकतीस असे लावले आणि मामांच्या मोबाइलवर उघडून दाखवले. मामांनी अठ्ठ्याऐंशी सालचा एक गिअर काढायला सांगितला. दोन बोटांनी चित्र मोठं करून त्यांनी माप वाचलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“चष्मा लागत न्हाई ह्याला,” एवढंच म्हणाले. मी आठवडाभर हवेत होते.

मोबाइलवरचे फोटो मी पुसून टाकले. इथे चुकले. एकाच डिस्कवर असलेली गोष्ट असून नसल्यासारखी असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसरी डिस्क घ्यायची, दोन्हीवर सारखंच ठेवायचं, असं ठरलेलंही होतं. पण मग गणपती आले, मुलगी तापाने पडली, शिवाय दुसरी डिस्क बसवायला आत खाचेत सरकवायचा ट्रे लागतो आणि तो भंगारवाल्याने कुठेतरी हरवला होता.

ट्रेचं मी सहज बोलले, तर मामांनी आतली डिस्क काढून मागितली, मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी सागवानाचा ट्रे करून आणला. पॉलिश केलेला, कोपरे गोल. मी डिस्क ठेवली तर ती आत खुळखुळली. मामांनी ट्रे उलटापालटा केला, पट्टी लावली आणि कान लाल झाले. सवयीने लोखंडाच्या पट्टीने मोजलं होतं. आता तो ट्रे आटायची वाट बघायची का, असं मी विचारलं आणि पडद्यांचं सगळं उट्टं काढलं. हसू दाबत त्यांनी साध्या पट्टीने दुसरा ट्रे केला. तो असा बसला की डिस्क हळूच सोडली तर हवा दाबून खाली जायची. पहिला ट्रे मात्र त्यांनी फेकला नाही, फळीवर ठेवला.

नवरात्रात त्या मशीनने मला इशारा द्यायला सुरुवात केली. जुन्या डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा रोज वाढत होत्या. मी नवीन डिस्क मागवली, ती अष्टमीला आली. बसवण्यापुरतं पाच मिनिटं मशीन बंद केलं आणि परत चालू केलं, तर जुनी डिस्क फिरायलाच तयार नाही. तिसऱ्या खेपेला कशीबशी फिरली. तेव्हाच मला कळलं की ही चालू आहे तोवर चालेल. एकदा पुरती थंड झाली की खेळ खलास. नवमीला सकाळी उठल्या उठल्या मी वह्या नव्या डिस्कवर उतरवायला लावल्या. एरवी पाव तासाचं काम, पण जुनी डिस्क प्रत्येक पानाला अडखळत होती. पडद्यावर चार तास दाखवत होतं, पण साडेदहा वाजले तरी पहिलीच वही संपली नव्हती. अकरा वाजता आत्यांनी झेंडू आणायला पाठवलं. मशीन तसंच चालू ठेवून मी गेले.

नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यातली सगळी अवजारं धुऊनपुसून पूजतात आणि नंतर त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबतात, त्यांना एक दिवस विसावा. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की मामा पहिला हात म्हणून एखादी पटाशी उचलायचे आणि घरासाठी काहीतरी छोटं करायचे. एका वर्षी उलथनं, एका वर्षी मुलीला भोवरा. मग नेहमीचं काम सुरू.

मी झेंडू घेऊन आले तेव्हा कारखाना गार होता. लाकूड कापायच्या बँडसॉला ऊस बांधलेला. जमिनीवर मोठा पाट, त्यावर ओळीने रंधे, पटाश्या, करवती, ती पितळी पट्टी. आणि ओळीच्या शेवटी, ओल्या फडक्याने लख्ख पुसलेलं, माझं खोकं. वायर दोरीसारखी नीट गुंडाळून वर ठेवलेली. ‘वै’च्या बरोबर वर हळदीकुंकवाची दोन बोटं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. किती वेळ झाला, असं मी विचारलं. तासभर झाला असेल, मामा म्हणाले, हात जोडून.

“मामा, ते चालू असायला हवं होतं.”

“आज न्हाई,” ते म्हणाले. “उद्या सोनं वाटल्यावर.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. रविवारी शाळा नसते असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पूजा झालेली, कापूर अजून जळत होता. आता काय सांगायचं? तुमची चाळीस वर्षं याच्यात आहेत, तुम्ही ती आत्ता थंड केलीत, आणि चूक माझीच आहे? वरून आत्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता, देवीचा सोहळा दाखवत होते. मी झेंडू तिथेच ठेवले आणि जिना चढून मोरीत जाऊन रडले. बाहेरगावी असलेल्या नवऱ्याला, संग्रामला, फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, बाबांना सांगून टाक. मला जमलं नाही. वाईट याचं वाटत होतं की माझं चार महिन्यांचं काम त्यांच्या दृष्टीने खोकंच राहिलं. एरवी कामात आहे त्या मशीनची वायर कुणी न विचारता उपटतं का?

ती रात्र आणि दसऱ्याचा अख्खा दिवस माझा जीव टांगणीला होता. जेवायला श्रीखंड होतं, ते मला पिठासारखं लागलं. पाटाजवळून जाताना खोक्याला हात लावून पाहिला. गारढोण.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, मोठ्यांच्या पाया पडून झालं आणि मी मामांना खाली घेऊन गेले. खोकं टेबलावर चढवलं, बटण दाबलं. पंखे फिरले. डिस्कमधून मात्र बारीक गुणगुण आली, थांबली, परत आली. तीनदा केलं, पाचदा केलं.

मामांनी मला बाजूला केलं. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बँडसॉचं बेअरिंग ते असंच ऐकायचे.

“जोर लावतंय,” ते म्हणाले. “पण सुटंना. हिच्यात काय हाय?”

“तुमच्या वह्या.”

“आनि दुसरीकडं?”

“नव्या डिस्कवर उतरवत होते. काल. तुम्ही बंद केलं तेव्हा.” मग माझा बांधच फुटला. नक्की म्हणाले होते, वह्या जाळायला लावल्या, मोबाइलवरचे पुसले, गणपती आले म्हणून टाळलं, सगळं सांगून टाकलं.

मामा स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं आता बोलतील, आणि मी त्याला तयार होते.

“काल का न्हाई बोल्लीस?”

“पूजा झाली होती.”

“खुळी हाईस,” ते म्हणाले. “नवमी दर साल येती.”

त्यांनी डिस्क बाहेर काढायला सांगितली. उघडू नका, आत धूळ गेली तर संपलंच, अशी मी विनवणी केली. उघडतोय कशाला, म्हणाले. सुट्टीनंतर बँडसॉची मोटरही अशीच रुसते, तिचा पट्टा हाताने ओढून द्यावा लागतो, हे त्यांनी चाळीस दसरे केलं होतं. डिस्क त्यांनी दोन्ही पंजांत धुपाटण्यासारखी अलगद धरली, थोडा वेळ तशीच ठेवली. हाताची ऊब देत होते की अंदाज घेत होते, ठाऊक नाही. मग मनगटाला एक झटका दिला, कुलपात किल्ली फिरवावी तसा. परत एक. तिसऱ्याला त्यांनी मान डोलावली.

“लाव बगू.”

मी लावली. गुणगुण आली, आणि मग ती वर चढत गेली, एकसारखी, गुळगुळीत. मी खुर्चीत बसले ते बसलेच. आता श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

या वेळी मी मशीनला सांगितलं की जिथे अडेल तिथे थांबू नकोस, पुढचं घे. आम्ही दोघं शेजारी बसून पडद्याकडे बघत होतो. वही एक, वही दोन. आत्या वरून जेवायला हाका मारून दमल्या आणि शेवटी ताटंच खाली घेऊन आल्या. एकोणिसाव्या वहीत डिस्क अडकली, निम्मी पानं सोडून पुढे गेली. एकतिसावी उतरली आणि दहा मिनिटांत आतून खट् असा आवाज आला. ती डिस्क पुन्हा कधी फिरली नाही.

“एकोणिसावी अर्धीच आली,” मी म्हणाले.

मामांनी डोळे मिटले. “पंच्याण्णव-शहाण्णव. उसाच्या गुऱ्हाळाचे गिअर,” ते म्हणाले. “त्ये हाताला ठावं हायती. काडून देतो तुला.” पुढच्या पंधरवड्यात त्यांनी खरंच बरीचशी पानं आठवून काढून दिली.

घास घेता घेता माझ्या तोंडून निघून गेलं. “मामा, तुम्हाला ते खोकंच वाटतं ना? घरातला टीव्ही बंद करावा तसं बंद केलंत.”

मामांचा हात ताटात थांबला. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय ते.

“टीव्ही चालूच हुता की,” ते म्हणाले. “फ्रीजबी चालू हुता. ते कुठं बंद केलं मी? ते काय अवजार हाय? अवजारावर मानूस नाव घालतंय. तू घातलंयस. मी पयल्या दिवशीच बगितलं.” मग जरा थांबून म्हणाले, “घरात दोन मानसं अवजारावर काम करत्यात. एकाचीच पाटावर मांडू?”

मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली त्याला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत मला कुणी काम करणारं माणूस म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी काल दिवसभर ज्याच्यावर रडले, तो माझा मान होता. ताटावर वाकून मी भात कालवत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर मामांची फार पंचाईत झाली असती.

आज त्या वह्या तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक प्रत माझ्या माहेरी. त्याच खोक्याच्या जोरावर मी उद्यमनगरातल्या सहा-सात कारखान्यांची जुनी ड्रॉइंगं सांभाळते, आणि खंडेनवमीला सकाळी सगळं तपासून ते स्वतः रीतसर बंद करते. मामांना आता जिना उतरवत नाही. ते वरून विचारतात, माळ घातलीस का. मेलेली डिस्क मी त्या पहिल्या, मोठ्या झालेल्या ट्रेमध्ये घालून पाटावर ठेवते. अजून खुळखुळते.

पण त्या दसऱ्याला ताटं वर गेल्यावर एक गोष्ट व्हायची राहिली होती. पहिला हात. मामांनी हात धुतले, पाटावरची अर्ध्या इंचाची पटाशी उचलली, कपाळाला लावली आणि सागवानाची एक बोटभर फळी घेऊन बसले. मी नव्या डिस्कवरचे फोटो एकेक उघडून बघत होते. अर्ध्या तासाने त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला आणि ती फळी खोक्याच्या डाव्या अंगाला, नेलपॉलिशच्या खाली, धरून पाहिली. तिच्यावर कोरलं होतं : ‘वै. सुतार’.

“नेलपॉलिश किती दिस टिकंल,” ते म्हणाले.

मी बोट फिरवून पाहिलं. फळी मशीनच्या कडेच्या जराशी बाहेर येत होती.

“मोठी झाली, मामा.”

“लोखंडाच्या पट्टीनं आखली,” मामा म्हणाले. “सात वर्सं आटलीस. जादा नको ठेवायला?”